बोटं आधी, फोटो नंतर

९ मे
आंबे उतरवायचे दिवस संपत आले की आमच्या दवाखान्यात टाचा मोडलेले गडी येऊ लागतात. आजचा तिशीतला. फांदी कडाडली आणि तो उंचावरून थेट पायांवर आला. सगळ्यांचं लक्ष सुजलेल्या टाचांकडे. आम्ही तिघांनी त्याला अंग न पिळता कुशीवर वळवलं, आणि मी कण्यावरून बोट फिरवलं. कमरेच्या जरा वर एका मणक्यावर बोट टेकताच तो कळवळला. पायांवर पडणाऱ्याचा भार टाचेतून वर कण्यात चढतो, म्हणून टाच मोडली की पाठीचा फोटो काढायचाच. कमरेचा पहिला मणका चेपला होता. पण पायाची बोटं हलत होती, स्पर्श कळत होता, लघवी साफ होत होती. त्याच्या मणक्याला पट्टा पुरेल. टाचेला प्लेट लागेल, पण लगेच नाही. सुजलेली कातडी कापली तर जखम मिटत नाही आणि हाड उघडं पडतं. सूज ओसरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसल्या की मगच ऑपरेशन. नुसतं झोपवून का ठेवलंय, असं भाऊ विचारत होता. त्याला हे पुन्हा एकदा नीट सांगायला हवं.

१७ मे
सहा वर्षांच्या मुलीचा पुढचा हात. हाड एका अंगाला तडकलंय, दुसऱ्या अंगाला नुसतं वाकलंय, ओली काठी मोडावी तसं. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, ते सहसा पूर्ण फाटत नाही आणि हाड झपाट्याने जुळतं. सरळ करून प्लास्टर, साधारण सहा आठवडे. आजीला वाटत होतं, प्लेट बसवावी लागेल. गरज नाही, म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

२८ मे
सात वर्षांचा मुलगा दुपारी झाडावरून पडला. कोपराच्या वर हाड मोडलं. गावात कुणीतरी लेप लावून बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. संध्याकाळी इथे आणला तो किंचाळतच. बोटं फिकी, गार, अर्धी वळलेली. मधलं बोट मी हलकेच सरळ करू लागलो तर तो आईच्या अंगावर कोसळला. फोटोची वाट न बघता कात्री घेतली आणि पट्ट्या कातडीपर्यंत कापल्या.

या जागी रक्तवाहिनी हाडाला अगदी लगटून जाते. मोडलेलं टोक तिला दाबतं, त्यात सूज चढते आणि वर आवळलेली पट्टी. पुढच्या हाताचे स्नायू रक्ताविना सहा तासांपलीकडे सहसा टिकत नाहीत. मग ते आक्रसतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. फोल्कमन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली हे लिहून ठेवलं. त्यात हाड उत्तम जुळतं आणि हात निकामी होतो, हे मला सर्वांत जास्त खुपतं. दोष एकट्या हाडवैद्यांचा नाही; दवाखान्यात घातलेलं पक्कं प्लास्टरसुद्धा सूज वाढली की हेच करतं. म्हणून पहिले काही दिवस कच्चं, अर्धं प्लास्टर.

रात्री सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली हाड बसवून दोन तारा घातल्या. नखं गुलाबी झाली. तरी रात्रभर बोटं बघत राहायला सिस्टरला सांगितलंय.

११ जून
पाऊस लागला. अंगणातल्या चिऱ्यांवरून आजी घसरल्या. वय ७८. खुब्याचं हाड मानेपाशी मोडून सरकलंय. मुलगा म्हणाला, ‘‘वजन लावून ठेवा, या वयात ऑपरेशन नको.’’ त्याची भीती खरी आहे. पण या वयात अंथरुणाला खिळणंच जास्त घातक: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. खुब्याच्या गोळ्याला बहुतेक रक्त या मानेवरूनच मिळतं. तरुण माणूस असता तर धावतपळत स्क्रू घालून गोळा वाचवायला गेलो असतो. आजींचा गोळा बदलायचा. मोड थोडी खाली असती, तर तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं. आतून सळी घातली की झालं. शक्यतो दोन दिवसांच्या आत उरकायचं. आजींनी एकच विचारलं, ‘‘डॉक्टरानू, माका चालाक येतला मां?’’

१४ जून
काल ऑपरेशन झालं. आज आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या.

२१ जून
महामार्गावर दुचाकीस्वार. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. अशा वेळी जंतू हाडात शिरतात, म्हणून अँटिबायोटिक ताबडतोब, तासाभरात. मग जखम धुणं, मेलेलं मांस काढणं, बाहेरून सळ्यांचा सांगाडा. नडगीवर पुढून फक्त कातडी असते, त्यामुळे ती रेंगाळत जुळते. बिडी बंद करायला बजावलं, कारण तंबाखूने हाड जुळायला आणखी उशीर होतो.

२५ जून
कोपर मोडलेल्या मुलाच्या तारा काढल्या. मूठ पूर्ण वळते, बोटं पूर्ण उघडतात. कोपर अजून ताठ आहे, हळूहळू सुटेल. मालिश मुळीच करायची नाही.

त्याच्या आईला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. पट्टी किंवा प्लास्टर कुणीही घातलेलं असो, वेदना कमी होण्याऐवजी वाढत चालली, बोटं गार, फिकी, बधिर झाली किंवा दुसऱ्याने सरळ करताना असह्य दुखली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. निघा, आणि पोचल्यावर आधी पट्टी कापायला सांगा.