सफाळ्याची गाडी आणि खिशातले कागद

डहाणू लोकलने वैतरणा स्टेशन सोडले की खाडीचे पूल लागतात. मध्ये वाढीव बेट. तिथली माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून चालत आली आहेत. पूल संपले की सफाळे. पूर्वेला तांदुळवाडीचा डोंगर, पश्चिमेला एडवण-दातिवऱ्याच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता. मुंबईच्या गर्दीतून आलेल्याला इथे हायसे वाटते. आम्हालाही दर खेपेला वाटते.

या वेळी नातलगांच्या घराचा स्लॅब टाकायचा होता, म्हणून दोन दिवस मुक्काम केला. कामावर चार गवंडी होते, सगळे पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादचे. जुम्याला त्यांना सुट्टी. पूर्वी अशा दिवशी ते हाजीअलीला जायचे, परतताना मीरा रोडला गाववाल्यांकडे जेवायचे. आता नमाज झाली की सरळ खोलीवर. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "चाचा, गाडीत आम्ही आपसांत बोलतच नाही. आमची बोली ऐकली की लोक वळून बघतात." मग त्याने प्लास्टिकची पिशवी उघडली: आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड आणि बापाच्या नावची जमिनीची दलिल. सिमेंटच्या कामावरही ती पिशवी त्याच्या कमरेला असते.

ही भीती उगाच नाही. जून 2025 मध्ये मीरा रोडवरून मुर्शिदाबादच्याच एका गवंड्याला बांगलादेशी समजून उचलले गेले. घरच्यांनी गावाहून आधार, मतदार कार्ड, पंचायतीने प्रमाणित केलेली वंशावळसुद्धा पाठवली. तरी त्याला सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने हालचाल केली, तेव्हा तो परतला. महाराष्ट्रातून असे ढकललेले आणखीही काही जण नंतर परत आणले गेले.

कागद असणाऱ्याची ही गत, तर ज्याच्याकडे खरोखरच कागद नाहीत त्याचे काय? जनरल डब्यात तिकिटावर भागते. आरक्षित डब्यात ओळखपत्र लागते, लॉजवरही लागते. त्यामुळे असा माणूस आजारी असला तरी मोठ्या इस्पितळापर्यंत जायला कचरतो. परकीय नागरिक कायदा 1946 चा होता. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला. आपण परकीय नाही हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचे, हे मात्र तसेच राहिले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असेही म्हटले. म्हणजे त्या पिशवीतली जमिनीची दलिलच कदाचित सर्वांत वजनदार.

बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा देशाला हक्क आहे, त्यावर आमचा वाद नाही. पण आधी तपास आणि सुनावणी व्हायला हवी. अटकेचे कारण सांगणे, घरच्यांना कळवणे, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे, हे पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाला, कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा क्रमांक 15100. आम्ही तो चौघांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. एकाला तो ठाऊक होता, तिघांना नाही.

जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे, हे आपल्या घरातली मुलेही मकतबमध्ये पाठ करतात. परमुलखात अडकलेल्या मजुराच्या वकिलाचा खर्च त्यात बसतो का, हे आपापल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावे. रमजानपूर्वी विचारले तर बरे.

एप्रिल 2025 पासून सफाळ्याजवळच्या जलसारहून विरारकडे रो-रो बोट सुरू झाली आहे. लांबचा फेरा वाचतो, थोड्या मिनिटांत खाडी पार. आम्ही परतताना तिने आलो. चौघांना म्हटले, चला, फेरफटका होईल. त्यांनी आधी विचारले, धक्क्यावर पोलीस असतात का?