चढावरचा धोंडा

इंजिन उतरविण्यापूर्वी केबिन रिकामी करून द्या, असे मिस्त्रींनी सांगितले, म्हणून गेल्या मंगळवारी पिकअपच्या आसनावर वीस वर्षे अंथरलेली गोधडी मी घरी आणली आणि ओसरीवरच्या दांडीवर टाकली; तोच साऱ्या घरात एक वास दाटला. डिझेलचा, कांद्याच्या टरफलांचा, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, आणि त्या सर्वांच्या तळाशी दडून बसलेला जुन्या लुगड्याचा. ही गोधडी आईच्या दोन लुगड्यांची. सूनबाईने ती धुवायला मागितली, तेव्हा मी एवढ्या तातडीने नको म्हणालो की ती बिचारी दचकलीच.

गाडीचे दुखणे साधे नाही. ऑइलची पट्टी काढून मिस्त्रींनी माझ्यासमोर धरली, तर तिच्यावर काळ्याऐवजी दुधाळ तपकिरी थर. "ऑइलचा चहा झालाय, गुरुजी," ते म्हणाले. पाणी ऑइलमध्ये उतरले आहे, धुराड्यातून पांढरा वाफाळ धूर येतो आहे, रेडिएटर रोज तहानलेला. हेड गॅस्केट गेली असेल तर खर्च थोडक्यात आटोपेल. हेड वाकले असेल तर फेसिंग करावे लागेल. लायनर, पिस्टन, रिंगा बदलून इंजिन नव्याने बांधायचे तर ९५ हजार. आणि ब्लॉकलाच चीर गेली असेल, तर मिस्त्री स्वतःच हात जोडतील. दुसऱ्या बाजूस भंगारवाल्याने गाडी जशी आहे तशी उचलण्याचे ६८ हजार बोलून ठेवले आहेत.

मुलाने या सगळ्याचा तपशीलवार जमाखर्च कागदावर मांडून माझ्यापुढे ठेवला. गाडी २००४ ची. दर साल पासिंग. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील गाड्यांच्या फेरनोंदणीचे आणि योग्यता-दाखल्याचे शुल्क कैक पटींनी चढलेले. गेल्या तीन वर्षांत क्लच, दोनदा पाटे आणि एकदा पंप. त्याच्या आकड्यांत मला एकही चूक काढता आली नाही. कागदाच्या शेवटी मात्र त्याने आकडा नव्हे, एक वाक्य लिहिले होते: हौद्यात क्रेट चढविणाऱ्या बाया नेमक्या धुराड्याच्या तोंडाशी उभ्या असतात. हे वाक्य मला टाळता येत नाही. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आमच्याकडे कामाला येणारी ती माणसे आहेत, आणि माझ्या मायेचा धूर त्यांच्या छातीत जावा हे मला मान्य होण्यासारखे नाही.

तरीही हा कागद हाती घेतला की माझ्या दृष्टीसमोर नांदुरीचा घाट उभा राहतो. २००६ सालच्या चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर गावाचा शिधा न्यायचा होता. गहू आणि तुरीची डाळ मिळून बारा पोती हौद्यात, मी चालविणारा, आणि शेजारी आई. एका अवघड वळणाला इंजिनाची घरघर वाढली, काटा तांबड्याकडे झुकला आणि आई म्हणाली, "थांबव. तिला धाप लागलीय." मी थांबविली. ती उतरली, कडेचा एक काळा ओबडधोबड धोंडा उचलून तिने मागच्या चाकाला लावला, आणि गाडी निवल्यावर पुन्हा आत बसण्याऐवजी तोच धोंडा कमरेवर घेऊन मागोमाग चालू लागली. आत बस म्हणून मी दोनदा विनविले. "चढाला जनावराच्या जिवावर बसून नाही राहत रे," एवढेच ती बोलली. बासष्ट वर्षांची बाई, चैत्रातले ऊन, आणि मी पहिल्या गिअरमध्ये, आरशात तिचे हिरवे लुगडे वळणामागून पुन्हा पुन्हा उगवताना पाहत. वर पोहोचल्यावर तिने तो धोंडा रस्त्यात टाकला नाही, आसनाखाली ठेवला. तेव्हापासून तो तेथेच होता.

येथे एक गोष्ट मध्येच येते आहे, पण ती सांगितल्यावाचून मला पुढे जाता यायचे नाही, कारण एकतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकविले आणि रुडॉल्फ डीझेल या माणसाची कहाणी कोणत्याही वर्गात मी अर्धवट सोडली नाही. हवा एवढी दाबावयाची की तिच्या केवळ उष्णतेने इंधन पेटावे, ठिणगीची गरजच उरू नये, ही त्याची कल्पना; १८९७ साली आउग्सबुर्ग येथे तिचे यशस्वी इंजिन झाले, आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. प्रचंड वाफयंत्रे बाळगणाऱ्या कारखानदारांपुढे लहान कारागिराला तग धरता यावा, त्याच्या हाती त्याच्यापुरते यंत्र असावे, ही त्या माणसाची आकांक्षा होती. १९१३ च्या सप्टेंबरात, कर्जाने खचलेल्या अवस्थेत, अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो एका रात्रीत नाहीसा झाला; सकाळी त्याच्या खोलीतले अंथरूण न विस्कटलेले होते. त्याचे यंत्र मात्र आमच्यासारख्यांच्या बांधापर्यंत आले. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढच्या काळात विहिरीविहिरीवरची मोट थांबून तिच्या जागी इंजिनाचा टकटकाट सुरू झाला. मोटेचे बैल मोकळे झाले. मोकळे होऊन ते कोठे गेले, हे मी मुलांना कधी शिकविले नाही.

आमचे कोठे गेले, तेही मला ठाऊक नाही. पिकअप घेण्यासाठी दादाने बँकेचे कर्ज मंजूर करून घेतले, तारण म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढविला, आणि रोख भरावयाच्या रकमेत थोडी तूट पडली तेव्हा आई बहिणीकडे गेलेली पाहून एका पहाटे बैलांची जोडी बाजारात नेली. सोळा वर्षे राबलेले बैल. एकाचे दात पडलेले, दुसऱ्याच्या डोळ्यात सारा आलेला. आई परतली, गोठ्यात गेली, बराच वेळ आतच राहिली. ती दादाला एका शब्दाने बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीच्या वेळेस, वाटीत हळद-तूप कालवून तिने गाडीच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी, जेथे जू टेकले असते तेथे, चोळले. बोलायचे ते मीच बोललो, आणि त्यानंतर दादाशी माझे मन पूर्ववत झाले असे मला म्हणता येत नाही. त्याला जाऊन सात वर्षे झाली. हे शल्य अजून माझ्यापाशी आहे.

मुलाच्या कागदाला उत्तर द्यावे म्हणून परवा मी माळ्यावरून दादाच्या रोजकिर्दी काढल्या. गाडीवर आजवर काय खर्च झाला आणि तिने काय मिळवून दिले, ते एकदा ताडून पाहावे, एवढाच हेतू होता. दादाचा हिशेब कारकुनालाही लाजविणारा. काडेपेटीचे आठ आणे, मारुतीपुढचा नारळ, तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाचा तिकीट-खर्च, सर्व तारीखवार. २००४ च्या आश्विनातल्या त्या दिवसाचे पान मी उलटविले. जमेच्या बाजूस त्याच्या टोकदार अक्षरात 'जोडी' एवढाच शब्द होता, आणि त्यापुढचा रकमेचा रकाना कोरा होता. पानाखालची बेरीज त्याने त्या रकमेसह बरोबर मारली आहे, म्हणजे पैसे आले होते हे निश्चित. वजाबाकी करून ती रक्कम मला दोन मिनिटांत काढता आली असती. मी काढली नाही. ज्या माणसाने साऱ्या आयुष्यात एक पै लिहायची राहू दिली नाही, त्याचा हात या एका ओळीशी थांबला होता. आणि मी तेरा वर्षे त्याच्यासमोर बसून जेवलो, पण त्याला कधी एका शब्दाने विचारले नाही. मी दिवा मालवून बराच वेळ माळ्याखाली उभा होतो. ओसरीवरून गोधडीचा वास येत होता.

सकाळी पिंपळगावला गेलो. थंडी कडाक्याची, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ज्या दिवसांत वर्तमानपत्रात झळकतो, तसल्या दिवसांपैकी एक. असल्या पहाटे रिंगा झिजलेले इंजिन दाब धरीत नाही, हवा पुरेशी तापत नाही, आणि किल्ली फिरविणाऱ्याला वाटते की गाडी रुसली. मी मिस्त्रींना मला जे पाहिजे होते ते सांगितले: ब्लॉक शाबूत असेल तरच बांधा, धूर राहिला तर गाडी माझ्या बागेत उभी करणार नाही, आणि बांधली, तरी यापुढे तिच्यावर क्रेट नाहीत, कांदा नाही, घाट नाही. चारा, खताच्या चार गोण्या, सपाटीवरचे काम. "म्हाताऱ्या बैलाला देतात तसलं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती.

इंजिन बाकावर होते, गाडीचे नाक रिकामे. उतारावरच्या त्या अंगणात ती सरकू नये म्हणून त्यांच्या पोऱ्याने आसनाखालचा धोंडा काढून मागच्या चाकाला लावला होता. तो कोणाचा, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मिस्त्रींनी हेड पुसून उताणे ठेवले, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि मला पलीकडून बॅटरी दाखवायला सांगितली. हेड वाकले असेल तर पट्टीखालून उजेड फुटतो. मी बॅटरी धरली, आणि आम्ही दोघेही वाकून पाहू लागलो.