मऊ म्हणजे कसं मऊ?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात पंचांग, गॅसचे कार्ड आणि नानांच्या उधारीची वही, एवढेच काय ते वाङ्मय. त्यामुळे 'नेमका शब्द' हा विषय वर्गात निघाला की इतरांना कुठल्या तरी कवितेची आठवण होते, आणि मला आठवते मोटारीच्या ब्रेकचे पेडल. ऐकणाऱ्याला हसू येते. पण शब्द सैल वापरला तर माणूस मरू शकतो, हे मी त्या पेडलावरच शिकले.

नाना म्हणजे माझे वडील. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली आणि हातात पाना आला. वाईत त्यांचे लहानसे गॅरेज आहे. नव्या गाड्या तिकडे फारशा फिरकत नाहीत. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जातात. नानांकडे येतात त्या हौसेने सांभाळलेल्या जुन्या गाड्या. कुणाची ॲम्बॅसडर, कुणाची पद्मिनी. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सी म्हणून साऱ्या महाराष्ट्राने तिला पाहिले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण आमच्या गॅरेजच्या दारात आजही एखादी उभी असते, आणि तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात.

या ब्रेकची रचना सोपी आहे. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ऑईल नळ्यांतून चारी चाकांकडे ढकलले जाते. प्रत्येक चाकात लहान सिलिंडर असतो. तो चंद्रकोरीसारखे ब्रेक शू बाहेर सारतो, आणि शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासून त्याला थांबवते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. नानांना पास्कल ठाऊक नाही. 'ऑईल लबाडी करत नाही, हवा करते,' असे ते म्हणतात. ऑईल दाबले तरी आक्रसत नाही. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पायाचे सारे बळ तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होते.

ही हवा काढायला दोन माणसे लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पेडलवरचे माणूस म्हणजे मी, सातवीत असल्यापासून. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे म्हणजे मागचे डावे चाक आधी घ्यायचे. निपलला नळी लावून तिचे टोक ऑईलच्या बाटलीत बुडवायचे. नाना खालून ओरडतात, "दाब... धर!" मग ते निपल सोडतात, पेडल खाली जाते आणि बाटलीत बुडबुडे येतात. निपल पुन्हा आवळले की "सोड!" त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. पाय आणि पाना यांचा ताल जमावा लागतो.

पण हवा काढण्याआधी नाना मला एक प्रश्न विचारतात. "काय म्हणतंय पेडल?" लहानपणी मी म्हणे, "मऊ आहे." त्यावर ते म्हणत, "मऊ भात पण असतो, मऊ गादी पण असते. मऊ म्हणजे कसं मऊ?"

हळूहळू मला मऊपणाच्या जाती कळू लागल्या. एक पेडल पहिल्या दाबाला खोल जाते, पण जिथे थांबते तिथे घट्ट थांबते. लगेच दुसऱ्यांदा दाबले तर वरच लागते. तिथे लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढलेली असते. मागच्या ताटलीवरचे बोल्ट फिरवून शू जवळ आणले की काम झाले. दुसरे पेडल स्पंजासारखे असते. कुठेच ठाम लागत नाही आणि पंप करू तसे वर येते. तिथे बहुधा हवा असते. तिसरे सर्वांत कपटी. ते चांगले वर लागते, पण पाय तसाच दाबून ठेवला तर दलदलीत रुतल्यासारखे सावकाश खाली जाते. ऑईलची पातळी उतरली असेल तर गळती बाहेर आहे, चाकाच्या आतल्या बाजूला ओल सापडते. पातळी कायम असेल तर मास्टर सिलिंडरमधली रबरी वाटी झिजून ऑईल आतल्या आतच मागे परतते. चौथे पेडल गावात ठणठणीत असते, घाट उतरताना मऊ होते आणि गाडी गार झाली की पुन्हा शहाण्यासारखे वागते. ब्रेकचे ऑईल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शिरलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापला की त्या ऑईलची वाफ होते, आणि वाफ हवेइतकीच लबाड.

या चारही ठिकाणी गिऱ्हाईक एकच शब्द वापरते, 'मऊ'. आणि बहुतेक ठिकाणी उपायही एकच होतो, 'हवा काढा'.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका वकीलसाहेबांची पद्मिनी आली. दुसरीकडे तिला नवे लायनर बसवले होते, पुढचे ड्रम लेथवर टर्न केले होते. तेव्हापासून पेडल मऊ. तीनदा हवा काढून झाली होती, मास्टर सिलिंडरही नवा घातला होता. साहेब म्हणाले, "मिस्त्री, सगळं नवं आहे. थोडी हवा राहिली असेल, तेवढी काढून द्या. उद्या सकाळी मंडळींना घेऊन पाचगणीला जायचंय."

मी पेडलवर बसले. "काय म्हणतंय?" पंप केल्याने फारसा फरक नव्हता. मिनिटभर दाबून धरले तरी खाली बसत नव्हते. ऑईलची पातळी जागच्या जागी होती. मी म्हटले, "नाना, धनुष्य वाकवल्यासारखं वाटतंय. दाबलं की वाकतं, सोडलं की पाय परत ढकलतं."

नानांनी गुळगुळीत जबड्याचे तीन चिमटे काढले. रबरी होज पाइप तीन होते, पुढच्या चाकांचे दोन आणि मागच्या ॲक्सलचा एक. तडे गेलेल्या पाइपाला चिमटा लावायचा नसतो, म्हणून तिन्ही आधी निरखून पाहिले आणि मगच चिमटे लावले. पेडल दगडासारखे झाले. म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष. नवा घालण्याचे पैसे फुकट गेले होते. मागचा चिमटा काढला, पेडल तसेच कडक. पुढच्या डाव्याचा काढला, पाय खाली गेला. उजव्याचा काढला, आणखी खाली गेला. त्या दोन पाइपांवर हात ठेवून नानांनी मला दाबायला सांगितले. पाइप फुगत नव्हते. निपल उघडले तर बुडबुडा एकही नाही.

तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला मिलची व्यतिरेक पद्धती शिकवली होती. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बदलतो का ते पाहायचे. मिलचा ग्रंथ १८४३ सालचा. परीक्षेपुरती पाठ केलेली ती व्याख्या मला कळली ती त्या दुपारी, तीन चिमट्यांत.

पुढचे ड्रम उतरवले. आतली धूळ नाना कधी हवेने उडवत नाहीत, ओल्या फडक्याने टिपतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसात जाते. नवे लायनर पाहिले तर मधोमध चार बोटे चकचकीत, दोन्ही टोके कोरी. टर्न केल्याने ड्रमचा घेर वाढला होता, शूची गोलाई मात्र जुनीच राहिली होती. शू मध्येच टेकत होता आणि जोर टोकाला बसत होता. म्हणजे दाबताना खरोखरच लोखंड धनुष्यासारखे वाकत होते. हजारदा हवा काढली असती तरी ते पेडल घट्ट झाले नसते.

"दोन दिवस लागतील," नाना म्हणाले.

"अहो, जाऊन तर येऊ. लागतोय की ब्रेक!"

"चढून जाल हो, साहेब. पसरणीचा घाट उतरायचा कसा?"

साहेब रागावले आणि दुसरी गाडी ठरवून गेले. आमची दिवाळीची उधारी त्यांच्याकडून यायची होती, म्हणून आईही थोडी चिडली. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी ड्रम मोजून घेतले; ते अजून मर्यादेत होते. मग ड्रमला आतून खडू फासला, त्यात शू फिरवून पाहिला, खडू लागेल तो उंचवटा घासला आणि पुन्हा खडू फासला. लायनर टोकापासून टोकापर्यंत पांढरे होईपर्यंत हेच चालले. तिसऱ्या दिवशी पेडल दोन बोटांवर लागले आणि तिथून हलले नाही. आधी सपाट रस्त्यावर, मग घाटात चढून-उतरून पाहिल्यावरच नानांनी गाडी परत दिली.

वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'ब्रेक फेल झाल्याने अपघात'. आता ते वाचले की मला विचारावेसे वाटते, फेल म्हणजे कसा फेल? वाटी झिजली होती, की ऑईल वर्षानुवर्षे बदलले नव्हते, की गोलाई न जुळवताच कुणी शू बसवले होते? 'फेल' म्हटले की सगळे सुटतात. नेमका शब्द सापडला की त्यामागे कुणाचा तरी हात दिसू लागतो. सैल शब्द आपल्याला आवडतात ते कदाचित याचमुळे.

नातेवाईक विचारतात, "बी.ए. करून पोरगी काय करणार?" नाना उत्तर देत नाहीत. पण मी घरी काही सांगू लागले आणि 'चांगलं', 'वाईट', 'कसंतरी' असे म्हणाले, की पाना पुसता पुसता ते विचारतात, "म्हणजे कसं?"

मित्रमैत्रिणींनो, नव्या मोटारींना पुढे डिस्क ब्रेक आले, तरी कित्येक गाड्यांची मागची चाके अजून ड्रमचीच आहेत. तुमच्या घरच्या गाडीचे पेडल कधी बदलले, तर गॅरेजात जाऊन नुसते 'मऊ आहे' म्हणू नका. खोल जाते की बसत जाते, पंप केल्यावर वर येते की नाही, गार असताना होते की तापल्यावर, हे आधी पायाला विचारा आणि मग मिस्त्रीला सांगा. आणि तोवर घाट उतरू नका.