देवाघरची फुलं आणि ८९.४

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये मावशीचा फोन आला होता, "ब्लॉग बंद केलास का गं?" म्हणून. बंद नाही केला, पण जे लिहायचं होतं ते लिहायला जरा लाज वाटत होती. आता लेकीनेच "लिही की, माझं नाव घालू नकोस फक्त" म्हणून परवानगी दिलीय.

तर झालं असं. आम्ही न्यू जर्सीत राहतो हे नेहमीच्या वाचकांना माहीतच आहे. लेक अकरावीत गेली आणि तिने 'एपी इंग्लिश लँग्वेज' घेतलं. हे एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय. वर्षभर शाळेतल्या बाई शिकवतात, वेगळे मार्क देतात आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा असते तिचा १ ते ५ असा वेगळाच निकाल लागतो. त्या परीक्षेत ४५ पर्यायी प्रश्न एका तासात, मग तीन निबंध सव्वादोन तासांत. २०२५ पासून सगळं कॉम्प्युटरवर. निबंधांना ५५ टक्के वजन.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी चार पानी कागद घरी पाठवला. वर्गात काय अपेक्षा आहेत आणि मार्क कसे देणार, वाचून पालकांनी सही करायची. मी कुकर लावत होते. ओल्या हाताने सही केली. वाचलं काय तर पहिलं पान, ते पण अर्धं. निबंधांना ५० टक्के, उशिरा दिल्यास दर दिवशी १० टक्के कापणार, चौथ्या दिवशी शून्य, एक्स्ट्रा क्रेडिट नाही. कडक आहेत बाई, बरं झालं, एवढंच मनात आलं.

तिसऱ्या पानावर काय होतं ते नंतर कळलं.

पहिला निबंध घरून लिहून आणायचा होता. फ्लॉरेन्स केली नावाच्या बाईंचं १९०५ सालचं भाषण. समोर स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झगडणाऱ्या बायका बसलेल्या आणि केलीबाई बोलतायत गिरण्यांमध्ये रात्रपाळी करणाऱ्या लहान मुलींबद्दल. आपण झोपलेलो असतो तेव्हा त्या पोरी आपल्यासाठी कापड विणत असतात, हे त्या परत परत सांगतात. आमच्या न्यू जर्सीलाही त्यात चांगलं झोडपलंय. इथे चांगला कायदा होता तो रद्द केला आणि १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना रात्रभर राबायची मोकळीक दिली म्हणून. भाषण काय म्हणतं ते लिहायचं नव्हतं, ते ऐकणाऱ्यावर काम कसं करतं हे लिहायचं होतं. हा फरक मला तेव्हा कळला नव्हता.

रात्री अकराला लेक म्हणाली, "आई, एकदा वाचून बघतेस? स्पेलिंग फक्त."

स्पेलिंग फक्त! मी मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून (ते पहिलीपासून झालं २००० साली). दहावीला सरांनी निबंध पाठ करून घेतलेले. सुरुवातीला सुविचार, शेवटी म्हण, मध्ये दोन-चार भारी शब्द, म्हणजे तपासणारा खूश. आणि ते चाललंही, शाळेत इंग्रजीत माझा पहिला नंबर होता. तेव्हा लेकीचा निबंध वाचून मला वाटलं, हे काय लिहिलंय, किती साधं! एका ठिकाणी तिने लिहिलं होतं की केलीबाई समोरच्या बायकांना अपराधी वाटायला लावतात, पण उठून निघून जातील इतकं नाही. मला ते फार बोलीभाषेतलं वाटलं. खोडलं. सुरुवातीला एक झोकदार वाक्य घातलं, अनादी काळापासून मुलांना देवाघरची फुलं मानलं गेलंय अशा अर्थाचं, आणि शेवटी तसंच एक. लेक म्हणाली, "आई, हे मी असं नाही बोलत गं." मी म्हटलं, "निबंध आहे तो, बोलायचं काय त्यात?" ती दमली होती. तसाच दिला.

दहा दिवसांनी शाळेच्या पोर्टलवर बघते तर शून्य.

माझं डोकंच फिरलं. आठ निबंधांपैकी एक शून्य! नवऱ्याला फोन, मग बाईंना लांबलचक ईमेल लिहायला बसले. "माझी मुलगी चौथीपासून वाचते..." वगैरे. दोन परिच्छेद झाले असतील, तेवढ्यात लेक मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "पाठवू नकोस. मी सांगितलंय त्यांना."

बाईंनी तीन वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारून विचारलं होतं, हे तुझं आहे का? हिला हो म्हणता आलं असतं, पुरावा काय होता? ही म्हणाली, नाही, आईचं आहे. आणि तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं: पालक, भावंडं, शिकवणीवाले, एआय, कुणाचंही वाक्य आपलं म्हणून दिलं तर शून्य, पुन्हा लिहायची संधी नाही. खाली माझी सही. चार दिवस ही एकटीच ते घेऊन फिरत होती, का तर मला वाईट वाटेल म्हणून.

त्या रात्री ते चारही पान मी नीट वाचले. निबंधाला ६ गुण. त्यातला १ स्वतःचा ठाम मुद्दा मांडला तर. ४ पुराव्याला आणि त्याहून जास्त, तो पुरावा मुद्द्याशी कसा जोडला त्याला. शेवटचा १ विचाराच्या खोलीचा, इंग्रजीत त्याला 'सोफिस्टिकेशन' म्हणतात. मी तो शब्द वाचला असता तरी मला वाटलं असतं, हा भारी भाषेचा गुण. पण नियमात म्हटलंय की हा गुण एखाद्या वाक्यापुरता नाही, पूर्ण मांडणीत ती समज दिसली पाहिजे. उलट मोघम, सगळ्या जगाला लागू पडतील अशी विधानं केली की तो हमखास जातो. थोडक्यात, माझी फुलं. (२०१९ पर्यंत ९ पैकी एकच एकत्रित आकडा द्यायचे. तेव्हा तरी चाललं असतं का? नसतंच.)

सगळ्यात टोचलं ते हे की जे वाक्य मी खोडलं, त्यातच तिचा मुद्दा होता. समोरच्यांना मत नाही, कपडे मात्र त्याच विकत घेतात. त्यांना दुखवायचंही आहे आणि बरोबरही ठेवायचंय. हे सोळा वर्षांच्या पोरीला दिसलं होतं आणि मी ते स्वच्छता म्हणून पुसलं.

लांब ईमेल पुसून टाकलं. नवीन लिहिलं, पाच ओळींचं. चूक माझी आहे, तिने फक्त स्पेलिंग बघायला सांगितलं होतं, मी न वाचता सही केली होती. ते लिहायला सव्वा तास लागला. बाईंचं उत्तर दोन ओळींचं. विचारल्याबरोबर तिने खरं सांगितलं म्हणून वर्गात बसून पुन्हा लिहिता येईल, पण गुण अर्धेच.

तिने लिहिलं. ६ पैकी ४ मिळाले, शेवटचा गुण नाहीच. बाईंच्या तक्त्यात ४ म्हणजे ८५, त्याचे अर्धे साडेबेचाळीस. ते खोडलेलं वाक्य परत आलं होतं, त्याच्या बाजूला बाईंनी लिहिलं होतं, "अजून सांग".

जानेवारीत सत्राचा निकाल आला. ८९.४. नव्वदला ए मायनस, पण वरचा आकडा धरणार नाही असं दुसऱ्या पानावर आहेच. बी प्लस. मी हिशेब केलाच. तिचा तो पहिला निबंध मी हात न लावता गेला असता आणि ७५ जरी मिळाले असते, तरी ९१ च्या वर गेली असती. हे मी तिला बोलले नाही. तिने बहुतेक माझ्या आधीच केला असावा, गणितात ती माझ्यापेक्षा बरी आहे.

परवा रात्री पुन्हा टेबलाशी बसून काहीतरी खाडखूड चाललं होतं. मी विचारलं, "बघू का?"

"स्पेलिंगसुद्धा नको," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वाचून दाखवते. मध्ये बोलायचं नाही हं."

तीन पानं. दोनदा तोंडाशी आलं होतं माझ्या.