ढगाची रोजकीर्द

ढगांच्या संगणकीय प्रतिकृती रचण्याच्या ज्या व्यवसायात माझी उमेदीची वर्षे गेली, तो कवीचा नसून कारकुनाचा आहे, हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. परंतु बाष्प किती जमा झाले, थेंबांच्या खाती किती गेले, हिमकणांच्या खाती किती आणि खाली पडून खर्ची किती पडले, याची रोजकीर्द यंत्राकडून लिहवून घेणे, एवढेच वस्तुतः आमचे काम.

पाणी शून्य अंशाला गोठते, हा शाळेतला नियम या दप्तरात चालत नाही. गोठण्यास निमित्त होणारा योग्य धूलिकण लाभला नाही, तर सूक्ष्म थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत द्रवच राहतो. अशा थेंबांच्या शेजारी हिमकण आला, की बर्फावरील संपृक्त बाष्पदाब पाण्यावरील दाबाहून कमी असल्यामुळे थेंब आटत जातात आणि त्यांच्या बाष्पावर हिमकण पोसला जातो. हवामानशास्त्रज्ञ वेगेनर यांनी १९११ मध्ये सुचविलेली आणि पुढे बर्गेरॉन व फिंडायसेन यांनी विस्तारलेली ही उपपत्ती प्रथम वाचली, तेव्हा मला ती सावकारी जप्तीइतकी निष्ठुर वाटली.

२००४ च्या ऑक्टोबरात अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर विमानांनी मोजलेल्या एका ढगाने ही जप्ती जणू तहकूब ठेवली होती. त्याचा माथा उणे १५ अंशांच्या आसपास असूनही त्यात पाणी टिकून होते. माझ्या प्रतिकृतीत मात्र ते काही तासांतच बर्फाच्या खाती वर्ग होई. अखेर हिमकणांची संख्या मी हळूच कमी केली, पाण्याचा आकडा जुळला, आणि त्या आनंदात असतानाच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “पाणी जुळलं, बर्फाची रुजुवात घेतलीत का?”

ती घेतली नव्हती. घेतली तेव्हा कळले, की मी एका चुकीवर दुसरीचे पांघरूण घातले होते. प्रतिकृतीतील मैलोगणती रुंदीच्या एकेका चौकोनात आम्ही पाणी आणि बर्फ खिचडीसारखे एकजीव मानतो. निसर्गात मात्र पाण्याचा थर माथ्याजवळ राहतो, तेथून उष्णता अवकाशात निघून जाते, थंडावलेली हवा खाली उतरते, तिच्या जागी दमट हवा वर येऊन नवे थेंब घडविते, आणि हिमकण त्या थरातून खाली झरून जातात.

हिमकणांचा तो आकडा मी पूर्ववत केला. माझ्या खतावणीत त्या ढगाचे पाणी आजही कमी भरते, आणि ती तूट मी तशीच लिहून ठेवतो.