निर्वासितांनी वसवलेले बंदर : बुसान

परदेशवारी म्हटली की आपल्याकडे बँकॉक नाहीतर सिंगापूर. बुसानला चाललो म्हणून ऑफिसात सांगितले तेव्हा दोघांनी विचारले, "हे कुठे आले?" दक्षिण कोरियाच्या आग्नेय टोकावरचे हे बंदर म्हणजे त्या देशातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. जुन्या नकाशांत त्याचे नाव पुसान असे सापडेल. राजधानी सेऊलहून जलद रेल्वेने अडीच-तीन तासांत तिथे पोहोचता येते.

हेउंदेची चौपाटी आणि २००३ साली खुला झालेला समुद्रावरचा ग्वांगान पूल ही तिथली प्रसिद्ध स्थळे. पूल रात्री दिव्यांनी झगमगतो. पण मुंबईच्या माणसाला चौपाटीचे काय कौतुक! एक संध्याकाळ पुरे.

विहार मात्र सावकाश पाहावेत. हेदोंग योंगगुंगसा हा विहार थेट समुद्राच्या खडकांवर उभा आहे. १३७६ साली नाओंग नावाच्या भिक्खूंनी तो स्थापन केला, असे तिथली परंपरा सांगते. हे नाओंग भारतातून चीनला गेलेल्या ध्यानभद्र या भिक्खूंचे शिष्य होते. ते वाचल्यावर परकेपणा थोडा कमी झाला. १०८ पायऱ्या उतरून खाली जायचे, लाटांचा आवाज कानात आणि समोर बुद्धमूर्ती. मात्र वाटेवर एका मूर्तीचे पोट हात लागून लागून काळे पडले आहे. त्या पोटाला हात लावला की मुलगा होतो म्हणे! आमच्या बरोबरच्या एका ताईंनीही हात पुढे केला, तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "अहो, मुलगाच कशाला? आमच्या दोन मुली काय कमी आहेत?" ताई हसल्या आणि त्यांनी हात मागे घेतला. नवस-सायास बुद्धाच्या दारातही शिरतातच, मग देश कोणताही असो.

बोमोसा हा दुसरा विहार डोंगरात आहे. शहराच्या भुयारी रेल्वेचे स्टेशनही त्याच नावाचे. तिथून पुढे बस. इ.स. ६७८ मध्ये उइसांग या भिक्खूंनी त्याची स्थापना केली. १५९२ च्या जपानी आक्रमणात तो जळाला आणि पुढे पुन्हा उभा राहिला. चार दगडी खांब एका ओळीत, त्यावर भले मोठे छप्पर, असे त्याचे प्रवेशद्वार. आम्ही गेलो तेव्हा अंगणभर रंगीत कागदी कंदील लटकत होते. त्यांची बुद्धजयंती चांद्र महिन्याच्या आठव्या दिवशी, म्हणजे बहुधा आपल्या वैशाख पौर्णिमेच्या आठवडाभर आधी येते. राखाडी चीवरातल्या एका वृद्ध भिक्खूंना आम्ही पंचांग प्रणाम केला. भाषा कळेना, पण त्यांनी सर्वांना चहा पाजला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. उत्तरेच्या फौजेने जवळपास सारा दक्षिण भाग घेतला, पण बुसान पडले नाही. ते तात्पुरती राजधानी झाले आणि डोक्यावर बोचकी घेतलेली लाखो माणसे तिथे येऊन थडकली. सपाट जागा संपली, तेव्हा माणसे डोंगर चढली. आमी-दोंग येथे जपानी राजवटीतले कब्रस्तान होते. निर्वासितांनी त्याच जागेवर झोपड्या बांधल्या आणि थडग्यांचे दगड पायासाठी, पायऱ्यांसाठी वापरले. जपानी अक्षरे कोरलेला दगड आजही एखाद्या घराच्या भिंतीखाली दिसतो. मेलेल्यांच्या उशाशी संसार थाटताना त्या बायामाणसांच्या मनात काय आले असेल!

जवळच गाम्चन. उतारावर पायरीपायरीने रंगीत घरे, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आले तर अंग चोरावे. एका घराने दुसऱ्याचा उजेड अडवू नये अशी मांडणी आहे. ही गरिबांची वस्ती २००९ नंतर कलाकारांनी चित्रांनी सजवली आणि आता तिथे जगभरचे लोक फोटो काढायला येतात. दुकाने चालतात हे खरे. पण 'इथे माणसे राहतात, आवाज करू नका' अशा अर्थाच्या पाट्याही जागोजागी आहेत. मी स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. आमच्या नळावरच्या रांगेचे असे कोणी फोटो काढले असते तर? एका आजीबाई दारात भाजी निवडत होत्या. मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

जागाल्चीचा मासळी बाजार बायकांच्या जिवावर चालतो. रबरी बूट, हातमोजे, खणखणीत आवाज. आपल्या कोळणीच जणू! खाली मासा निवडायचा, वर नेऊन शिजवून घ्यायचा. भावावरून पत्नीची आणि एका विक्रेतीची बोटांच्या खुणांनी चांगलीच जुंपली आणि शेवटी एक जास्तीचा मासा पदरात पडला. बुसानचा 'मिल्म्योन' नावाचा थंड शेवयांचा पदार्थही खाल्ला. उत्तरेकडच्या निर्वासितांना त्यांच्याकडचे कुट्टूचे पीठ मिळेना, म्हणून त्यांनी मदतीत आलेल्या अमेरिकन गव्हाच्या पिठाच्या शेवया केल्या. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी सुकडी खाल्ली, त्यांना ही चव वेगळी समजावून सांगायला नको.

याच बंदरात नोव्हेंबर १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराचे ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक उतरले होते. लढायला नव्हे, जखमींवर उपचार करायला. शहरातल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या दफनभूमीत सुमारे २३०० सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. तिथल्या हिरवळीवर आम्ही काही वेळ नुसते उभे राहिलो.

शेवटच्या दिवशी योंगदो पूल पाहिला. १९३४ च्या या पुलाचा एक भाग उचलला जातो. १९६६ साली तो उचलणे बंद झाले आणि २०१३ पासून पुन्हा सुरू झाले. पळापळीत ताटातूट झाली तर योंगदो पुलावर भेटू, असे ठरवून कितीतरी कुटुंबे निघाली होती. पुष्कळांना दुसरे ठिकाणच ठाऊक नव्हते. मग रोज पुलावर यायचे, चेहरे न्याहाळायचे, नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. काहींची माणसे भेटली, कित्येकांची कधीच भेटली नाहीत.