मर्लिनचा जमाखर्च

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थाने उरलेला काळ कोणत्या सत्कार्यात घालवावा, याविषयी सल्ला देणाऱ्यांची वाण आमच्या आप्तवर्गात कधीच नव्हती. तथापि त्यांपैकी एकाही सल्ल्याचा अंमल न करता, १९४० सालच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे इंजिन संगणकाच्या पडद्यावर यथायोग्य सांभाळण्याची विद्या मी संपादन केली, आणि तीत खर्ची पडलेल्या काळाची मला अद्याप हळहळ वाटलेली नाही. याचे श्रेय, किंवा आमच्या सौभाग्यवतींच्या मते अपश्रेय, माझ्या भाच्याकडे जाते. रशियातील मॅडॉक्स गेम्सने २०११ साली काढलेला ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ हा खेळ त्याने माझ्या संगणकावर चढवून दिला, जॉयस्टिक व थ्रॉटलचा दांडा मेजावर बसवून दिला, आणि इंजिनाची सर्व निगा वैमानिकावर सोपवणारा जो पर्याय त्यात असतो तो बंदच ठेवावा अशी ताकीद दिली. पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेत डिझेल इंजिनांच्या सहवासात ज्याची हयात गेली, त्याला अशी ताकीद देणे म्हणजे तो पर्याय चालू करण्याचे निमंत्रणच होय.

विमानाला एक दांडा असतो व तो पुढे ढकलला की विमान वेगाने जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः स्पिटफायरच्या त्या दांड्याने केवळ मर्लिन इंजिनाच्या १२ सिलिंडरांत कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब ठरतो. या दाबाला बूस्ट म्हणतात, आणि वातावरणाच्या दाबाहून तो किती पौंड अधिक आहे या हिशेबाने इंग्रज तो मोजीत. इंजिनाचे फेरे ठरवण्याचे काम शेजारच्या दुसऱ्या दांड्याकडे असते. तो जे फेरे नेमून देईल ते कायम राहावेत म्हणून प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन आपोआप बदलत राहतो. शक्ती वाढवावयाची तर आधी फेरे वाढवावेत व मग बूस्ट; कमी करावयाची तर आधी बूस्ट उतरवावा व मग फेरे. हा क्रम कोणा लहरी अधिकाऱ्याने घालून दिलेला शिरस्ता नव्हे. फेरे कमी असताना दाब चढवला, तर सिलिंडरातील मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी स्फोटासारखे पेट घेते आणि पिस्टनांचा चुराडा करते, हे त्यामागील कारण होय. कारण कळल्यावर क्रम पाठ करावा लागत नाही. दोन्ही हात तो आपसूक पाळू लागतात.

खरी परीक्षा पाहते ती उष्णता. फोकस्टनजवळच्या हॉकिंज येथील गवताळ तळावर मी इंजिन सुरू करी तेव्हा उड्डाणाच्या आधीच काटा वर सरकू लागे, आणि हा खेळाचा दोष नसून मूळ विमानाचाच स्वभाव आहे हे पुढे ध्यानात आले. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीचा रेडिएटर उजव्या पंखाखाली होता, आणि जमिनीवर असताना त्याच्या पुढ्यात चाकाचा पाय उभा राही. परिणामी प्रॉपेलरची हवा त्याला पुरेशी मिळत नसे व इंजिन ताटकळत ठेवणे वैमानिकाला परवडत नसे. आकाशात गेल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. रेडिएटरची झडप उघडावी तर इंजिन निवते, परंतु हवेचा अवरोध वाढून वेग घटतो. मिटावी तर वेग मिळतो आणि इंजिन थंड ठेवणारे ग्लायकॉल तापते. अधीर होऊन तीव्र कोनात वर चढू लागलो की पुढून येणारी हवा मंदावे आणि काटा चढे. अशा वेळी झडपेला हात लावण्यापूर्वी नाक किंचित खाली करावे, वेग येऊ द्यावा, म्हणजे तोच वेग इंजिनाला थंड करतो. अवाजवी ताणलेले इंजिन तत्काळ बंद पडत नाही. प्रथम तेलाचा दाब उतरतो, समोरच्या काचेवर तेलाचा पातळ थर दिसू लागतो, फेरे अडखळतात, आणि इंग्लंडचा किनारा मागे किती राहिला आहे याचा विचार तेव्हा अत्यंत निकडीचा होतो.

“मामा, तुम्ही शत्रू सोडून मीटरच बघत बसता,” असे भाचा म्हणे. त्याचा आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. मात्र खजिन्यात शिल्लक किती आहे हे ठाऊक नसलेल्या कारभाऱ्याने लढाईचा हुकूम देऊ नये, असे माझे मत तेव्हाही होते व आताही आहे. दर थोड्या वेळाने तापमानाच्या काट्यांवरून नजर फिरवून ती पुन्हा आरशाकडे व क्षितिजाकडे नेण्याची सवय एकदा जडली, की मीटर पाहणे हे लढण्याचेच अंग बनते.

इंजिनाच्या रचनेचा डावपेचांवर किती परिणाम होतो याचा प्रत्यय मला मेसरश्मिट १०९ शी झालेल्या पहिल्याच सामन्यात आला. त्याने नाक खाली दाबून सूर मारला, मीही मारला, आणि माझे मर्लिन क्षणभर मूक झाले. मर्लिनचा कार्ब्युरेटर तरंगत्या गोळ्याचा असल्याने विमानाचे नाक एकाएकी खाली गेले की इंधन उलट्या बाजूस उसळे. जर्मन डेम्लर-बेंझ इंजिनात इंधन सरळ सिलिंडरात फवारले जाई, म्हणून त्याला ही बाधा नव्हती. त्या काळचे इंग्रज वैमानिक विमान उलटे करून मग खाली खेचीत, आणि मीही तीच युक्ती उचलली. यावरचा व्यवहार्य तोडगा फार्नबरोच्या संशोधन केंद्रातील बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी काढला व तो १९४१ साली विमानांवर बसवला गेला: मधोमध छिद्र असलेली एक लहानशी चकती, जी इंधनाचा पूर रोखून धरी.

आता या खेळांविषयीची माझी एक तक्रार नमूद करणे प्राप्त आहे. १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागल्यावर मर्लिनचा बूस्ट आणीबाणीत ६¼ वरून १२ पौंडांवर नेण्याची मुभा वैमानिकांना मिळाली, आणि तिची मुदत ५ मिनिटे ठरवण्यात आली. ही मुदत इंजिनाच्या आयुष्याचा व यंत्रशाळेच्या सोयीचा विचार करून घातलेली होती. सहाव्या मिनिटाला इंजिन फुटेल असा तिचा अर्थ नव्हता. ‘आयएल-२’ मालिकेतील स्टालिनग्राडपासूनच्या खेळांनी मात्र दीर्घकाळ तिचा शब्दशः अर्थ घेतला, आणि नेमलेली मुदत सरली की थंडगार पाण्यासारखे शांत चाललेले इंजिनही निकामी होऊ लागले. मेसरश्मिट १०९ एफ-४ ला तर आणीबाणीची शक्ती एक मिनिटच मंजूर होती. यामुळे खेळाडू उष्णता वाचण्याऐवजी घड्याळ मोजू लागतो. यंत्राला शिक्षा व्हावयाची ती उष्णतेने व ताणाने व्हावी, नियमपुस्तिकेतील कलमाने नव्हे; या कसोटीवर जुना ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ मला अधिक प्रामाणिक वाटतो.

इंजिनाच्या निगेच्या बाबतीत स्पिटफायरच्या दुसऱ्या टोकाला जर्मनांचे फोक-वुल्फ १९०. त्याच्या बीएमडब्ल्यू इंजिनावर ‘कोमांडोगेरेट’ नावाचे यंत्र असे, आणि वैमानिकाने एक दांडा हलवला की फेरे, मिश्रण, बूस्ट व ठिणगीची वेळ यांचा मेळ ते यंत्र स्वतःच घालून देई. उलट सोव्हिएत लाव्होच्किनच्या वैमानिकाला तेलाचा रेडिएटर, इंजिनाभोवतीच्या झडपा, मिश्रण, सुपरचार्जरची पायरी, सारे एकेक करून हाताने पाहावे लागे. युद्ध जिंकण्यासाठी विमान निवडावयाचे असते तर मी निःसंशय फोक-वुल्फ घेतले असते. सायंकाळी चहा झाल्यावर दोन तास रमण्यासाठी मात्र मला स्पिटफायरच हवे.

आणीबाणीच्या बूस्टची जी मुभा वैमानिकांच्या हाती आली तिची काळजी खुद्द फायटर कमांडचे प्रमुख डाउडिंग यांनाही होती. काही वैमानिक १२ पौंडांचा बूस्ट विनाकारण वापरतात, असे त्यांनी १९४० च्या ऑगस्टात लेखी कळवले होते. खऱ्या वैमानिकांचीही ही गत; म्हणून या नादास नव्याने लागणाऱ्यांस माझी विनंती एवढीच आहे की, आरंभीचे काही आठवडे त्यांनी शत्रूचे विमान मागवूच नये. हॉकिंजवरून उडावे, १५,००० फुटांपर्यंत सावकाश चढावे, खाडी ओलांडून फ्रान्सचा किनारा पाहून यावे, आणि इंजिन शाबूत ठेवून त्याच गवतावर उतरावे. हे साधल्यावर मग बंदुका भराव्यात.